आधी उत्तरपत्रिका उघडा
प्राध्यापकांना आपल्या विषयाची नवी मांडणी करायला मदत करणाऱ्यांसाठी : काय करावे, काय टाळावे

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या विद्यापीठांनी एकामागून एक अभ्यासक्रम नव्याने लिहिले. क्रेडिट बदलले, मेजर-मायनर आलं, पेपरांची नावं बदलली. वर्गात मात्र पुष्कळ ठिकाणी नोट्स त्याच आहेत आणि परीक्षेच्या आदल्या रात्री फिरणारे ‘अपेक्षित प्रश्न’ही तेच. अभ्यासक्रम लिहिणं हे अभ्यासमंडळाचं काम. तो विषय समोरच्या साठ, ऐंशी किंवा सव्वाशे मुलांना खरोखर शिकता येईल अशी त्याची मांडणी करणं हे वेगळं काम आहे. ते एका प्राध्यापकाच्या वाट्याला येतं आणि एकट्याने होत नाही. त्याच्या शेजारी जो कोणी बसणार आहे, मग तो विभागातला ज्येष्ठ सहकारी असो, आयक्यूएसीचा (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा) समन्वयक असो किंवा प्रशिक्षण केंद्रातली व्यक्ती, त्याच्यासाठी हे टिपण आहे.

पहिली भेट

करा : दहा उत्तरपत्रिका मागा. विद्यापीठाच्या परीक्षेच्या मिळणार नाहीत. अंतर्गत चाचणीच्या पुरतात. नावं झाका. चांगल्या, मध्यम, कच्च्या अशा मिसळलेल्या घ्या आणि प्राध्यापकांसोबत बसून एकच प्रश्न दहाही ठिकाणी वाचा. मुलं कुठे अडली, कुठे पाठ केलेलं ओतून मोकळी झाली, कुठे सूत्र बरोबर लिहून आकडे भलत्याच जागी घातले, तिथे दोघांनी मिळून पेन्सिलीने खुणा करा.

संख्याशास्त्राच्या एका मॅडमबरोबर मी अशी बसले होते. मध्य, मध्यक, बहुलक, तिन्ही मुलांनी अचूक काढले होते. शेवटी दोन गुणांचा प्रश्न होता : या वस्तीतल्या कुटुंबांचं उत्पन्न सांगायला यातलं कोणतं माप योग्य, आणि का? दहापैकी आठांनी तो सोडून दिला होता. एकाने लिहिलं होतं, ‘तिन्ही योग्य’. मॅडम बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी यांना कधी निवड करायला लावलीच नाही. कोणतं माप काढायचं ते दरवेळी मीच सांगितलं.” त्या विषयाची नवी मांडणी तिथे सुरू झाली. मला काही सांगावं लागलं नाही.

टाळा : पहिल्याच दिवशी तक्ता पुढे सरकवणं. ब्लूमचं शैक्षणिक उद्दिष्टांचं १९५६ चं वर्गीकरण आणि त्याची २००१ ची सुधारित मांडणी, दोन्ही उपयोगी आहेत, पण त्यांची वेळ नंतर येते. क्रियापदांची यादी आधी हातात पडली की माणूस आपल्या विषयाचा विचार सोडून क्रियापद शोधायला लागतो.

टाळा : ‘तुमची पद्धत जुनी झाली’ असा सूर, शब्दांत आणि चेहऱ्यावरही. वीस वर्षं शिकवणाऱ्याला मुलं कुठे अडतात हे बहुतेक वेळा माहीत असतं. त्याला ते कुणी विचारलेलं नसतं.

करा : “या विषयातलं तुम्हाला स्वतःला काय आवडतं?” हे विचारा. उत्तर वहीत लिहून ठेवा. पुढे छाटाछाट करताना ती गोष्ट वाचवायची असते.

काय यायला हवं, ते ठरवताना

करा : सत्र संपल्यावर मुलाला काय करता यायला हवं, ते तीन ते पाच वाक्यांत लिहून घ्या. आधी मराठीत, नंतर हवं तर इंग्रजीत. आपल्या भाषेत लिहिताना पोकळ शब्दाआड लपता येत नाही. ‘मध्यवर्ती प्रवृत्तीची मापे समजून घेणे’ हे वाक्य वहीत छान दिसतं, पण समजलं की नाही हे बघायचं कसं? त्याऐवजी ‘उत्पन्न, गुण, मजुरी अशा आकड्यांसाठी कोणतं माप वापरायचं ते ठरवून कारण लिहिणे’ असं लिहिलं की प्रश्नपत्रिकाही अर्धी तयार होते.

टाळा : एका दोन क्रेडिटच्या पेपरला दहा-बारा उद्दिष्टं. तीस तासांत तेवढी गाठता येत नाहीत, आणि ज्याने लिहिली त्यालाही ती आठवत नाहीत.

करा : यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची एखादी जुनी पुस्तिका चाळा. १९८९ मध्ये राम ताकवले यांच्या कुलगुरुपदाखाली सुरू झालेल्या या विद्यापीठासमोर अडचण होती ती अशी, की विद्यार्थी शेतावर, कारखान्यात, घरी, आणि शिक्षक समोर नाही. म्हणून घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मधे थांबवून विचारलेले प्रश्न, मागे उत्तरं, अशी रचना लागली. शिक्षक समोर नसताना मुलाला काय लागेल हा विचार, शिक्षक समोर असलेल्या वर्गालाही फार उपयोगी पडतो. मराठीत हे काम झालेलं आहे. ते परदेशी पुस्तकातून पुन्हा शोधून काढायची गरज नाही.

पोर्शन

“सगळं पटतं हो, पण पोर्शन कसा संपवायचा?” हा प्रश्न तिसऱ्या भेटीपर्यंत येतोच. त्याला टाळाटाळ समजू नका. प्रश्नपत्रिका दुसरं कोणी काढणार असेल आणि एखादा घटक शिकवायचा राहिला, तर त्याचा फटका मुलांना बसतो. ही भीती खरी आहे.

करा : गेल्या वर्षीचं कॅलेंडर समोर ठेवून प्रत्यक्ष झालेले तास मोजा. लेखी विषयाचं एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास, दोन क्रेडिटचे तीस. त्यातून प्रवेश लांबल्याने गेलेले पहिले आठवडे, गणपती, अंतर्गत परीक्षा, गॅदरिंग, निवडणुकीच्या कामाला गेलेले दिवस वजा करा. जो आकडा उरतो त्याच्यासाठी मांडणी करायची आहे. कागदावरच्या तिसांसाठी मांडणी केली की ती ऑक्टोबरात कोसळते, आणि दोष नव्या पद्धतीवर येतो.

करा : प्रत्येक घटकाचे तीन ढीग करा. हे वर्गात हातांनी करून बघायलाच हवं. हे घरी वाचून येईल. हे लागेल तेव्हा पुस्तकात शोधता येईल. दुसऱ्या ढिगासाठी नेमकी पानं आणि दोन प्रश्न द्या. नुसतं ‘वाचून या’ म्हटलं तर कोणी वाचत नाही.

टाळा : संलग्न महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला ‘घटकच काढून टाका’ असं सांगणं. तो अधिकार त्याच्याकडे नाही. क्रम मात्र त्याच्या हातात असतो. कोणत्या घटकाला किती तास, अंतर्गत गुण कशाला, वर्गात काय आणि घरी काय, हेही त्याच्याच हातात असतं. विषयाची निम्म्याहून अधिक मांडणी या चार गोष्टींतच होते. स्वायत्त महाविद्यालयात अभ्यासमंडळ आपलंच असतं, त्यामुळे तिथे घटकाबद्दलही बोला, पण एक सत्र शिकवून बघितल्यावर.

परीक्षा

या टिपणातला सगळ्यात मोठा भाग हा आहे, आणि तो असायलाच हवा. मुलं परीक्षेसाठी अभ्यास करतात याबद्दल आपण तक्रार करत राहतो. ती करणारच. मग परीक्षाच अशी काढू या, की तिच्यासाठी केलेला अभ्यास म्हणजे विषय शिकणं ठरेल. जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये उद्दिष्ट, वर्गातलं काम आणि मूल्यमापन यांची सांगड घालण्याबद्दल लिहिलं. पुढे विगिन्स आणि मॅकटाय यांनी शेवटाकडून मागे येत आखणी करायला सांगितलं. आपल्याकडे मूल्यमापन सगळ्यात शेवटी, बहुधा परीक्षा विभागाची सूचना आल्यावर, घाईघाईत ठरतं.

करा : गेल्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्या. नुसतं आठवून उत्तर देता येईल अशा प्रश्नांचे गुण एका रंगाने रंगवा, विचार करावा लागेल अशांचे दुसऱ्या. काही न बोलता कागद टेबलावर ठेवा. पुढचं बोलणं प्राध्यापकच सुरू करतात.

करा : अंतर्गत गुणांपासून सुरुवात करा. ते बहुतांशी शिक्षकाच्या हातात असतात आणि वर्षानुवर्षं दोन ‘असाइनमेंट’ आणि हजेरीवर वाटले जातात. त्यातला एक प्रश्न बदलून बघा. अर्थशास्त्राचं उदाहरण घ्या. ‘निर्देशांक म्हणजे काय ते सांगून त्याचे उपयोग लिहा’ हा दहा गुणांचा प्रश्न गाइडमधून उतरतो. त्याऐवजी असं द्या : घरी दर महिन्याला येणाऱ्या दहा वस्तू, त्यांचं प्रमाण, जूनमधला भाव आणि ऑक्टोबरमधला भाव लिहा. जूनचं प्रमाण कायम धरून लास्पेयर्सच्या सूत्राने आपल्या घराचा निर्देशांक काढा. सरकारी ग्राहक किंमत निर्देशांकातली त्याच काळातली वाढ शेजारी मांडा. दोन्हींत फरक का पडला ते अर्ध्या पानात सांगा.

यात प्रत्येकाचे आकडे वेगळे, म्हणून उतरवणं कठीण. किराणा आणण्याचं काम ज्या मुलीकडे असतं, तिला या प्रश्नात इतरांपेक्षा अधिक दिसतं. भाड्याने राहणारा, घरचा तांदूळ असणारा, दूध विकत न घेणारा अशा प्रत्येकाचा आकडा वेगळा आला, की ‘भारांकन’ हा शब्द फळ्यावर लिहायच्या आधीच कळलेला असतो.

करा : गुण कसे देणार, ते प्राध्यापकांनी मुलांना आधीच सांगावं असं बघा. चार ओळी पुरतात : आकडे गोळा केले याचे किती, सूत्राचे किती, कारणमीमांसेचे किती, आणि चांगली कारणमीमांसा म्हणजे काय याचा एक नमुना.

टाळा : शंभर मुलांच्या वर्गाला दर आठवड्याला तपासायचं लेखी काम. तिसऱ्या आठवड्यात गठ्ठे साचतात, दिवाळीनंतर ते न वाचता गुण पडतात, आणि मुलांना ते कळतं. शंभर उत्तरांतली पंधरा वाचून वर्गात पंधरा मिनिटं सगळ्यांच्या चुकांवर बोलणं अधिक कामाचं. दरवेळी वेगळी पंधरा घ्यावीत.

करा : बिनगुणांच्या छोट्या चाचण्या घ्यायला सुचवा. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. तासाच्या सुरुवातीला मागच्या तासावरचे तीन प्रश्न, वही मिटून, पाच मिनिटं. याला ना पैसे लागतात, ना परवानगी.

करा : प्रात्यक्षिकाचं जर्नल विसरू नका. विज्ञान शाखेत सर्वाधिक नक्कल तिथे होते. टायट्रेशनचं रीडिंग किती ‘यायला हवं’ ते वरच्या वर्गाकडून आधीच आलेलं असतं. द्रावणाची तीव्रता टेबलागणिक वेगळी ठेवा. प्रयोगाआधी, काय होईल असं वाटतं आणि का, ते दोन ओळींत लिहून घ्या. अंदाज चुकला तर गुण कापायचे नाहीत. तो का चुकला हे नीट लिहिलं, तर मात्र द्यायचे.

टाळा : ‘चॅटजीपीटी वापरू नये’ एवढी सूचना छापून स्वस्थ बसणं. घरून लिहून आणलेल्या कामावर दोन मिनिटं तोंडी बोलायला लावा. ज्याने केलंय तो बोलतो.

वर्गात

करा : बदल दाखवायचा तर एका प्रश्नाने दाखवा. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांना आढळलं की त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवतात, पण त्यामागच्या साध्या संकल्पनेवर प्रश्न विचारला की गोंधळतात. १९९१ पासून त्यांनी तासाची रीत बदलली. थोडं सांगायचं, पर्याय असलेला एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपलं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर. साधारण ३० ते ७० टक्के मुलांचं उत्तर पहिल्या फेरीत बरोबर असेल तेव्हा शेजाऱ्याशी बोलण्याचा उपयोग सर्वाधिक. त्याहून कमी असेल तर पुन्हा समजवा, अधिक असेल तर पुढे चला. उत्तर नोंदवणारं क्लिकर यंत्र नसेल तर अ, ब, क, ड लिहिलेले पुठ्ठ्याचे चार तुकडे चालतात.

“आमच्या वर्गात बाकं जमिनीला ठोकलेली, मुलं सव्वाशे” हे उत्तर येईल. तेव्हा आयआयटी मुंबईचं उदाहरण सांगा. पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या भल्यामोठ्या वर्गात ‘स्वतः विचार करा, जोडीत बोला, सर्वांना सांगा’ ही रीत वापरली गेली, आणि निरीक्षकांनी मुलं काय करतायत ते नोंदवलं. त्या वेळात सरासरी ८३ टक्के मुलं कामात गुंतलेली आढळली. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. शेजारी वळायला बाक हलवावं लागत नाही.

करा : पुरावा मागणाऱ्याला पुरावा द्या. फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के निघालं, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२. हे आकडे आपल्या महाविद्यालयांचे नाहीत, हेही त्याच दमात सांगा. प्राध्यापक संशोधक असतो. त्याला अर्धं सांगितलेलं लगेच कळतं.

टाळा : व्याख्यानाची निंदा. ज्याने प्रश्नाशी झगडून पाहिलंय, त्याला वीस मिनिटांचं उत्तम व्याख्यान अमृतासारखं लागतं. प्रश्न आधी, व्याख्यान नंतर, एवढाच बदल पुष्कळदा पुरतो.

करा : प्राध्यापकांना आधीच सावध करा की मुलं कुरकुरतील. हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलं स्वतः झगडलेल्या तासात अधिक शिकली, पण त्यांना वाटलं की आपण कमी शिकलो. गुळगुळीत व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. हे मुलांना पहिल्या आठवड्यातच सांगावं. नाहीतर “सर शिकवतच नाहीत, आम्हालाच करायला लावतात” ही तक्रार प्राचार्यांकडे पोचते, आणि धडपडणारा माणूस एका अभिप्राय-अर्जावर खचतो.

टाळा : स्मार्टबोर्ड, अॅप, व्हिडिओ यांपासून सुरुवात.

भाषा

आपल्या महाविद्यालयांत बारावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलं पहिल्या वर्षाला एकदम इंग्रजी पुस्तकांसमोर बसतात. परदेशातून आलेल्या मार्गदर्शक पुस्तिकांमध्ये यावर काही नसतं. इथे आपल्यालाच आपला विचार करायला हवा.

करा : जोडीतली चर्चा मराठीत, अहिराणीत, वऱ्हाडीत, ज्याला जी येते त्या भाषेत होऊ द्या. लेखी उत्तर इंग्रजीत हवं असेल तर ते शेवटी. घटकाच्या सुरुवातीला पंधरा-वीस शब्दांची दोन भाषांतली यादी द्यायला सांगा. शाळेतला ‘मध्यक’ आणि इथला ‘मीडियन’ एकच आहेत, हे कुणी न सांगितल्यामुळे तीन महिने गप्प बसलेली मुलगी मी पाहिली आहे. तिला मध्यक उत्तम येत होता.

टाळा : इंग्रजीच्या चुकांचे गुण विषयाच्या नावावर कापणं. काय तपासतोय ते ठरवा. विद्यापीठ मराठीत उत्तरं लिहू देत असेल, तर मुलांना तसं स्पष्ट सांगा. कित्येकांना ते माहीतच नसतं.

माणसं

करा : वर्गात बसायचं तर बोलावणं आल्यावर, आणि शेवटच्या बाकावर. नोंद करा ती मुलांची : कोण काय करतंय, कितव्या मिनिटाला माना खाली गेल्या, कोणत्या प्रश्नाला आवाज वाढला. शिक्षक कसा उभा होता, कसा बोलला, हे लिहू नका.

टाळा : ती नोंद दुसऱ्या कुणालाही दाखवणं. प्राचार्यांनी मागितली तरी नाही. माझ्याकडून एकदा ही चूक झाली. चांगल्याच हेतूने मी एका तासाबद्दल वरिष्ठांजवळ दोन कौतुकाची वाक्यं आणि एक शंका बोलले. पुढे त्या शंकेचाच उल्लेख त्या प्राध्यापकांच्या मूल्यमापनाच्या वेळी झाला. त्यांनी मला पुन्हा वर्गात बोलावलं नाही, आणि त्या विभागातल्या इतर कुणीही नाही. तो दरवाजा मीच बंद केला होता.

करा : तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना सोबत घ्या, आणि त्यांच्या वेळेचे पैसे मिळतील याची व्यवस्था आधी करा. पहिल्या वर्षाचे मोठे वर्ग अनेक ठिकाणी हेच शिक्षक सांभाळतात. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. मांडणीसाठी बसलेल्या दुपारचे मिळत नाहीत. सकाळी एका महाविद्यालयात आणि दुपारी दुसऱ्या, असं धावणाऱ्या माणसाला ‘शनिवारी कार्यशाळेला या’ म्हणणं अन्यायाचं आहे. मानधन देता येत नसेल तर त्याच्याकडून काम घेऊ नका. हा मुद्दा बैठकीत मांडायची जबाबदारी मदत करणाऱ्याची आहे, कारण तासिका तत्त्वावरचा शिक्षक स्वतः ते मागू शकत नाही.

करा : एकट्या माणसाऐवजी विभाग धरा. २००१ चे भौतिकशास्त्रातले नोबेल मानकरी कार्ल वीमन यांनी २००६ मध्ये अमेरिकेत बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठात आणि २००७ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात हेच काम मोठ्या प्रमाणावर उभं केलं. त्यांनी पैसा आणि माणसं विभागांना दिली. त्या विषयात पीएच.डी. केलेले आणि शिकण्याच्या शास्त्राची तयारी झालेले तरुण त्या त्या विभागातच बसत, प्राध्यापकासोबत प्रश्न लिहीत, मुलांशी बोलत. वेगळ्या इमारतीतल्या केंद्राने बोलावलं तर जाणारे थोडे. पलीकडच्या टेबलावरच्या माणसाला चहाच्या वेळी विचारणारे पुष्कळ. आपल्याकडे एवढा पैसा नाही, पण तोच विषय शिकवणाऱ्या दोघांची जोडी लावायला आणि त्यांच्या वेळापत्रकात आठवड्याचा एक समान रिकामा तास ठेवायला फक्त वेळापत्रक करणाऱ्याची मदत लागते.

टाळा : एका सत्रात सगळा विषय बदलणं. पहिल्या सत्रात एक घटक, तोही सगळ्यात जास्त अडणारा.

टाळा : प्रशिक्षणाला प्रमाणपत्रासाठी आलेल्यांना हिणवणं. बढतीसाठी कार्यक्रम पूर्ण करावे लागतात, म्हणून माणसं येतात. आली आहेत, तर त्यांच्याच विषयाच्या दहा उत्तरपत्रिका समोर ठेवा. आठवडाभराच्या भाषणांनी जे होत नाही ते त्या दुपारी होतं.

काय फरक पडला, ते बघताना

करा : सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी तोच एक प्रश्न विचारा, आणि उत्तरं ठेवून द्या. ‘उत्पन्नासाठी कोणतं माप?’ यावर जूनमध्ये काय लिहिलं होतं आणि नोव्हेंबरमध्ये काय, हे शेजारी शेजारी ठेवून वाचलं की सरासरी गुणांपेक्षा कितीतरी जास्त कळतं. संख्याशास्त्राच्या त्या मॅडमनी दुसऱ्या वर्षी तसं केलं. सगळ्यांना जमलं नव्हतंच. पण प्रश्न कोणी सोडून दिला नव्हता. एका मुलीने लिहिलं होतं की एका मोठ्या बागायतदारामुळे मध्य वर गेलाय, म्हणून ती मध्यक घेईल. आणि पुढे स्वतःहून विचारलं होतं की मग त्या बागायतदाराचं काय करायचं.

टाळा : आधी फाइल, मग काम. अभियांत्रिकीत २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाल्यापासून विषयाची उद्दिष्टं (सीओ) आणि पदवीची उद्दिष्टं (पीओ) जोडणारे तक्ते रुळले. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकमुळे ते इतर शाखांतही आले. त्यामागचा हेतू चांगला आहे. पण तक्त्यात १, २, ३ भरून झालं की काम संपल्यासारखं वाटतं, आणि दमलेल्या माणसाला तिथेच थांबावंसं वाटतं. प्रश्न बदला, उत्तरं गोळा करा, मग त्यातूनच तक्ता भरा. तो भरायला मदत करा. प्राध्यापकाचा तेवढा वेळ वाचवणं हीसुद्धा मदतच आहे.

करा : सत्र संपल्यावर आठ दिवसांच्या आत तासभर बसा. कोणता प्रश्न चालला, कोणता पडला, कुठे दोन तास जास्त लागले, कोणत्या उदाहरणावर मुलं हसली, ते प्राध्यापकाच्या हस्ताक्षरात एका वहीत उतरवून घ्या. बदली होते, निवृत्ती येते, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला पुढच्या वर्षी दुसरीकडे काम मिळतं. वही विभागाच्या कपाटात राहू द्या, आणि जूनमध्ये तो विषय ज्याच्याकडे येईल त्याच्या हातात पहिल्या दिवशी ती वही आणि झाकलेल्या नावांच्या दहा उत्तरपत्रिका ठेवा.